पाळण्यापेक्षा भारी

फाल्गुन लागला की माझी माय घर पालथं घालायची. बडनेऱ्यात आमच्या दोन खोल्या, त्यातल्या स्वयंपाकाच्या खोलीवर लाकडी माळा, आणि त्या माळ्यावर काय काय असे याचा अंदाज खुद्द मायलाही नसे. डालडाचे रिकामे डबे, फुटक्या काचेचा कंदील, आजोबांच्या खाटेच्या बाजूचा एक गात, तीन पायांचा पाट, उंदरांनी अर्धी खाल्लेली गोधडी. सगळं खाली यायचं, अंगणात मांडलं जायचं, त्याला ऊन दाखवलं जायचं आणि मग माय कमरेवर हात ठेवून निकाल द्यायची. हे राहील, हे भंगारात, हे होळीत. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. रात्रपाळी करून यायचे आणि अंगणातल्या त्या बाजारातच एखाद्या पेटीला टेकून चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, खायचे, कारण आत भिंतींना चुना लागलेला असायचा. ओल्या चुन्याचा वास, यार्डात डबे जोडल्याचे खडाखड आवाज, आणि मागच्या निंबावर कोणतातरी पक्षी उगाच जीव तोडून ओरडतोय, हा माझा वसंत. त्या दिवसांत माझंही डोकं साफ व्हायचं. म्हणजे मॅट्रिकचा अभ्यास पार निघून जायचा आणि रिकाम्या जागेत कविता यायच्या. मायला मी एकदा म्हणालो होतो की तू घर झाडतेस तसा मी मन झाडतो. ती म्हणाली, "मनातलं झाडून झालं असन तं मोरी घास."

आजही अकोल्याच्या या फ्लॅटमध्ये फाल्गुनात तोच कार्यक्रम असतो. बायको कूलरची जुनी गवताची जाळी काढायला माणूस बोलावते आणि त्याला जाता जाता माझ्या कागदांचे गठ्ठेही दाखवते. मी तेवढा वेळ गठ्ठ्यांवर बसून असतो. सत्तरीच्या माणसाला एवढा मान राहिलेला बरा. पण त्या माणसाच्या हातात कुणाचीही जुनी वस्तू दिसली की मला बडनेऱ्यातली एक होळी आठवते.

आमच्या गल्लीच्या होळीचे दोन कायदे होते. पहिला, होळीसाठी पोरांनी लाकूड चोरलं तर ती चोरी नाही. दुसरा, होळीवर पडलेली आपली वस्तू पेटायच्या आधी ओळखली तर मालकाने खुशाल ओढून न्यावी. एकदा पेटली की तिच्यावर कुणाचाच हक्क नाही. त्यामुळे लोक दिवसभर होळीभोवती घिरट्या घालायचे आणि पोरं चांगला माल तळाशी दडपायची. संध्याकाळी दिवे लागायच्या आत पोरांचं टोळकं डफ घेऊन दारोदार जायचं, शेणाच्या चाकोल्यांच्या, म्हणजे मधे भोक पाडून वाळवलेल्या छोट्या गोवऱ्यांच्या, माळा गोळा करायचं, आणि ज्या घरचं जे भंगार होळीवर आलं असेल त्यावर त्या घरासमोर तीन ओळींचं गाणं म्हणून बोंब ठोकायचं. ती गाणी रचण्याचं खातं माझ्याकडे होतं. मला सतरावं चाललं होतं आणि मी स्वतःला गल्लीचा राजकवी समजत होतो. गल्ली मला काय समजत होती ते पुढं येईलच.

त्या दिवशी सकाळी मी होळीची पाहणी केली. मालाची रेलचेल होती. देशमुखांची खाट आली होती, तिच्यावर मी उभ्या उभ्या रचलं: "देशमुखाच्या घरची खाट, ढेकनायनं मांडला थाट, देशमुख झोपे भुईवर ताठ." समोरच्या मास्तरांची खुर्ची होती: "मास्तराची खुर्ची मोडली, तिची नोकरी तिनंच सोडली, मास्तरानं नाई बा सोडली." पोरं खूश. मग मी तळाशी एक फाटकं पोतं उचकटलं आणि खाली हिरवा रंग दिसला. सागवानी पाळणा. चार खांबांवर चार लाकडी पोपट. तो पाळणा कोणाचा हे गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या सिंधूकाकूंचा. माझ्या तोंडून शिंक यावी तशा ओळी आल्या:

"सिंधूकाकूचा पाळना,
पोपट चार अन् बाळ येईना,
होळीवर चढला, घरात राह्यना!"

बबन्यानं, म्हणजे आमच्या डफवाल्यानं, मला खांद्यावर उचललं. हे गाणं शेवटी म्हणायचं, सिंधूकाकूंच्या दारात, असं तिथंच ठरलं. सिंधूकाकूंच्या घरात सून होती, कुंदावहिनी, तिला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि बाळ येईना हे नुसतं यमक नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सतराव्या वर्षी कवीला यमक जुळलं की बाकी जग दिसत नाही. आणि गंमत पाहा, अख्ख्या गल्लीत माझ्या कविता ऐकून घेणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे कुंदावहिनी. भांडी घासता घासता ऐकायची. न आवडल्यास भांडं जोरात घासायची.

दुपारी घराघरातून पुरणाचा वास सुटला होता. माय पाट्यावर पुरण वाटत होती आणि मी मागच्या अंगणात हौदाच्या कट्ट्यावर बसून पुरणाचं पातेलं बोटानं निपटत होतो. भिंतीपलीकडून वहिनीची हाक आली. नेहमीची नव्हती, दबकी. मी विटेवर पाय देऊन डोकं वर काढलं. वहिनी पदरानं हात पुसत होती आणि ते कोरडेच होते.

"पोट्टे नळावर पाळन्याचं गानं म्हनून राहिले," ती म्हणाली. "तुहं आहे नं?"

मी अंमळ लाजून हो म्हणालो. मला वाटलं, कौतुक आहे. मग तिनं जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही, मधेमधे मागे वळून घरात पाहत सांगितलं. तो पाळणा मधुदादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, लहानपणचा. दर फाल्गुनात साफसफाईच्या दिवशी सिंधूकाकू तो माळ्यावरून उतरवायच्या, खोबरेल तेलानं पोपट पुसायच्या आणि दिवसभर वहिनीच्या समोर, ओसरीत, मध्यभागी ठेवायच्या. बोलायचं काही नाही. येणारी-जाणारी बाई पाळण्याकडं पाहायची आणि मग वहिनीकडं. संध्याकाळी पुन्हा माळ्यावर. या वर्षी मात्र काकू बोलल्या होत्या. पाडव्याला पाळणा पुन्हा उतरवायचा, पूजा करायची आणि तोवर काही गोड बातमी नसली तर सुनेला अकोल्याला माहेरी नेऊन ठेवायचं. मधुदादा हे ऐकून जेवत राहिला होता. आज पहाटे काकू देवीला अमरावतीला गेल्या तेव्हा वहिनीनं एकटीनं ते सागवानी धूड माळ्यावरून उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि होळीच्या तळाशी सरकवलं. लोक म्हणतील पोरांनी चोरला. पेटला की संपलं.

"पन तुहं गानं पेटाच्या आंधी होते," ती म्हणाली. "आत्याबाईच्या दारात. थ्या ऐकतीन, पायात चप्पल न घालता होळीवर जातीन, अन् पाळना घेऊन घरी येतीन. मंग मले पाडव्याचीबी वाट पाहा लागनार नाई."

मी पुरणाचं बोट पायजम्याला पुसलं. मी म्हणालो, मी आत्ता जाऊन गाणं परत घेतो. वहिनी म्हणाली, कोणाजवळून? तेव्हा मला कळलं की कागदावरची कविता फाडता येते, पण वीस-पंचवीस पोरांच्या तोंडात बसलेली कविता परत मागता येत नाही. गल्लीच्या टोकाला त्या वेळीसुद्धा कुणीतरी लहान पोरगं बेसूर आवाजात चार पोपट मोजत होतं.

मी बबन्याला गाठलं. तो होळीजवळ डफ शेकत बसला होता. मी त्याला म्हणालो, ते पाळण्याचं काही जमलं नाही, काढून टाकू. खरं कारण सांगायची सोय नव्हती, बबन्याला सांगणं म्हणजे स्टेशनवरच्या भोंग्याला सांगणं. मी छंदाचा दोष काढला. मग म्हणालो, काकू वयस्कर आहेत. मग म्हणालो, माझं पोट दुखतंय. बबन्या डफाला कान लावून शांतपणे ऐकत राहिला.

"काहून बे, भेला काय?" तो म्हणाला. "आजच्या सगळ्यात भारी गानं थेच आहे. त्याच्याहून भारी दे, मंग थे सोडतो. नाई तं नाई."

म्हणजे मला माझ्याच कवितेला हरवायचं होतं, आणि ऊन उतरायला लागलं होतं. मी निंबाखाली बसून सुचेल ते रचलं. पोस्टमनच्या सायकलवर रचलं, बबन्यानं मान हलवली. किराणेवाल्याच्या तराजूवर रचलं, तो जांभई देऊन डफ वाजवायला लागला. टोळकं निघालं. देशमुखांच्या दारात खाटेचं गाणं झालं, देशमुख हसले, एक माळ मिळाली. मास्तरांच्या दारात झालं, मास्तर हसले नाहीत, तरी माळ मिळाली. मी टोळक्याच्या मागे मागे ओठ हलवत चाललो होतो. प्रत्येक दारात मी एक नवं गाणं बबन्याच्या कानात सांगायचो आणि तो एकच शब्द म्हणायचा, "हलकं." सिंधूकाकू ओट्यावर येऊन उभ्या राहिलेल्या दिसत होत्या, हातात सूप, सुपात चाकोल्यांची माळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य. त्यांच्यामागं दाराच्या चौकटीला धरून वहिनी. मधे फक्त आमचं घर उरलं होतं.

इथं एक मागची गोष्ट सांगणं भाग आहे. त्याच माघात मी अमरावतीला एका कॉलेजच्या काव्यवाचनाला गेलो होतो. परत येऊन गल्लीला सांगितलं होतं की टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पायजमा ओला का, तर संयोजकाच्या हातून तांब्या सांडला. गल्लीनं विश्वास ठेवला होता. मायनं तर शेजारणींना पेढे वाटले होते. प्रत्यक्षात माईकसमोर उभा राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता आणि तांब्या तर त्या मंचावर नव्हताच. ही गोष्ट जगात मला एकट्याला ठाऊक होती आणि मी ती माझ्याबरोबर सरणावर न्यायची ठरवली होती.

आमच्या दारात माय उभी, बाबा ओट्यावर टेकलेले. टोळकं थांबलं, पोरं काय म्हणायचं म्हणून माझ्याकडं पाहायला लागली. पलीकडच्या ओट्यावर काकूंनी सूप या हातातून त्या हातात घेतलं. मी बबन्याच्या कानाला लागलो आणि तीन ओळी सांगितल्या. तो वळून माझ्याकडं पाहत राहिला. "खरं?" असं त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं डफावर अशी थाप मारली की यार्डातलं इंजिन दचकावं:

"अमरावतीले कवी गेला,
माईकसमोर उभा केला,
घसा कोरडा, पयजामा ओला!"

मग गल्ली फुटली. पोरं जमिनीवर लोळली. देशमुख स्वतःच्या दारातून पळत आले, काय झालं काय झालं म्हणून, आणि ऐकून खांबाला धरून हसले. मायच्या हातातलं ताट कलंडलं. पेढे वाटलेल्या शेजारणी तिच्याकडंच पाहत होत्या. बाबांनी तोंडावर टॉवेल धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आयुष्यात कधी न हसलेला माणूस माझ्या पायजम्यावर हसला, हे माझं साहित्यातलं पहिलं यश. पोरांना ते गाणं इतकं चढलं की सिंधूकाकूंच्या दारात पोचेपर्यंत तेच चालू होतं. तिथं एका चोंबड्या पोराला आठवण झालीच. त्यानं सुरू केलं, "सिंधूकाकूचा..." बबन्यानं त्याच्या टाळक्यात डफाची टिपरी हाणली आणि पुन्हा "अमरावतीले कवी गेला" लावलं. भारी गाणं दिलं होतं, तो शब्दाला जागला. काकूंनी माळ टाकली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, मेल्या, निदान चड्डी तरी जाड घालत जा.

मला वाटलं, सुटलो. पण होळीपाशी पोचलो तर कुणीतरी वरचं लाकूड सरकवलं होतं आणि पोत्यातून पाळण्याचा एक खांब हातभर बाहेर आला होता, टोकाला पोपट. आणि काकू पूजेला निघाल्या होत्या. मी हाताशी आलेल्या सगळ्या चाकोल्यांच्या माळा त्या खांबावर चढवायला सुरुवात केली. देवाला हार घालावेत तशा. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर त्यांचा हात होता. पोट्टं देवाधर्माले लागलं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. वहिनी त्यांच्यामागं तांब्या धरून उभी होती. मग मास्तरांनी कापूर लावला. वाळलेल्या तुरीच्या काड्या तडतडल्या आणि एकदम ज्वाळ उठली. बोंबा सुरू झाल्या. मीही तोंडावर हात मारून बोंब ठोकली, जिवाच्या आकांतानं, कारण आता ती कुणाचीच वस्तू नव्हती.

बाया तांब्यानं पाण्याची धार धरत होळीला फेरे मारायला लागल्या. काकूंनी वहिनीच्या हातून तांब्या घेतला, पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात माळांची सुतळी जळाली. चाकोल्या सुटून भदाभदा खाली पडल्या आणि जाळाच्या मधोमध पोपट उभा राहिला. हिरवा, तेलानं पुसलेला, चोचीला नुकतीच आग लागलेला.

काकू थांबल्या. धार थांबली. मागच्या बाया एकमेकींवर आपटल्या. डफ दोन-चार थापा आपल्याच नादात वाजला आणि बंद झाला. मधुदादा नुकताच नोकरीवरून अकोल्याच्या गाडीनं उतरून, हातात जेवणाचा डबा घेऊन गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं पोपट पाहिला आणि मग बायकोकडं पाहिलं.

"कोनं टाकला?" काकूंनी विचारलं. आवाज मोठा नव्हता.

माझ्या डोक्यात विचार आला की आजच्या दिवशी माझी अब्रू गेलेलीच आहे, तिच्यावर आणखी एक चोरी चढली तर काय बिघडतं. शिवाय होळीची चोरी ही चोरी नाही. मी छाती काढून पुढे झालो. खोटं का बोला, त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"म्या चोरला, काकू."

"नाई," कुंदावहिनी म्हणाली. ती माझ्या बाजूनं पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्या टाकला, आत्याबाई. सकाळी. एकटीनं."

काकू सुनेकडं पाहत राहिल्या. एवढा वेळ की मागं उभ्या असलेल्या मायनं माझा हात घट्ट धरला. काकूंच्या चेहऱ्यावर राग होता, तो मी ओळखतो, लहानपणापासून त्यांच्या पेरूच्या झाडाखाली पाहत आलो होतो. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. त्यांनी पुन्हा एकदा पोपटाकडं पाहिलं. त्याचा आता नुसता कोळसा उरला होता. मग त्यांनी तांब्या पुढं केला.

"धर," त्या म्हणाल्या. "माह्ये पाय दुखते. राह्यलेले फेरे तू मार."

वहिनीनं तांब्या घेतला आणि फेरे पुरे केले. धार एकदाही तुटली नाही. मधुदादानं डबा खाली ठेवला आणि ती फिरत होती तिकडं तिकडं पाहत राहिला. त्या रात्री भिंतीपलीकडून भांडणाचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन पडलो होतो. काही आलं नाही. पाडवा आला, गुढी उभी राहिली, आणि वहिनी बडनेऱ्यातच होती. पुढं वर्षभरानं मधुदादानं अकोल्याला नोकरीच्या जागेजवळ खोली घेतली आणि तिला घेऊन गेला. सोडायला काकू स्टेशनवर आल्या होत्या. वहिनी-मधुदादाला पुढं मूल झालं का, हे वाचकांना विचारावंसं वाटत असेल. विचारू नका. सगळी गल्ली तेच विचारत होती.

धुळवडीच्या सकाळी मात्र मला माझा हिशेब मिळाला. मी वहिनीच्या आभाराची वाट पाहत भिंतीवर चढून बसलो होतो. ती पळसाच्या फुलांचं उकळलेलं केशरी पाणी बादलीत घेऊन आली आणि सगळी बादली माझ्या डोक्यावर ओतली.

"तू कायले मधात पडला रे?" ती म्हणाली. "या घरात आल्यापासून एक काम मी माह्या मनानं केलं. थेबी तुह्या नावावर करून घेत होता काय?"

मी भिजल्या मांजरासारखा उतरलो. त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, काही छापूनही आलं, आणि लोक म्हणतात की मी स्वतःवर फार हसतो. दुसऱ्याच्या घरच्या वस्तूवर यमक जुळवायला हात धजत नाही, एवढंच त्याचं कारण. हे प्रकरण लिहायच्या आधीही मी कुंदावहिनीला फोन केला. ती अकोल्यातच राहते, माझ्यापासून फार लांब नाही, कानानं कमी ऐकते, त्यामुळं मला सगळं ओरडून सांगावं लागलं आणि माझ्या बायकोनं दार लावून घेतलं. लिहू का, असं विचारलं. मला वाटलं, नाही म्हणेल.

"लिही," ती म्हणाली. "फक्त पाळना कोनं टाकला, थे बराबर लिहिजो."